झरजाईकडे पाठ करून बसलेली येसू

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते विचारू नये, विचारलं की गोष्ट बिचकते, काजरवडे गावात येसू नावाची एक गुरवीण होती. गावाच्या वरच्या अंगाला कातळाचा सडा, खालच्या अंगाला भाताची खाचरं, आणि मधल्या उतारावर झरजाई देवीची राई. राई काही फार मोठी नव्हे. या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाला कामाला निघालेला माणूस अपशकून म्हणून थबकावा, एवढीच. पण आत पाऊल टाकलं की ऊन बाहेरच राहायचं. ऐन, किंजळ, हरडा, आणि मधोमध एक सातवीण, इतकी उंच की तिच्या शेंड्यावरच्या कावळ्याला खाली उतरेपर्यंत भूक लागायची, असं म्हणतात. त्या सातविणीखाली झरजाईचा पाषाण. डोक्यावर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. पाषाणाच्या पायाशी झरा, आणि त्या झऱ्याचं पाणी व्हाळातून थेट गावाच्या खाचरांत. म्हणजे काजरवड्यात जो कुणी भात खायचा, तो राईचंच खायचा.

राईचा नियम एकच होता. आतलं बाहेर न्यायचं नाही. फूल नाही, फळ नाही, चुलीपुरती वाळकी काटकीसुद्धा नाही. बाहेर पडताना धोतर, लुगडं झटकायचं, तळवे पुसायचे, मग वाटेला लागायचं. नियम सगळ्यांचा होता, राखण मात्र येसूची. नवरा ऐन तरुणपणी गेला, मूल नाही, घरात बोलायला भिंती. तिनं राईच घर केली. रोज झाडायची, देवीला न्हाऊ घालायची. सगळं गाव झरजाईपुढं हात जोडून दोन पावलं मागं उभं राहायचं. येसू तिला सरळ हाक मारायची, "काय गो, झाली का झोप?"

आणि येसूचा राग! तांदूळ धुऊन पातेलं नुसतं पुढ्यात ठेवायची, दिवसभरात कोण कसं वागलं ते आठवायची, की भात शिजायचा. लाकूडफाटा लागायचा नाही. म्हणणारे असं म्हणतात, आणि म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरणार? एकदा कुणाची तरी म्हैस राईत शिरली आणि तोंडभर पाला खाऊन निघाली. येसूनं तिला राईच्या तोंडाशीच अडवली.

"येसू, सोड गो जनावराला. धारेची वेळ झाली," मालक काकुळतीला आला.

"पाला बाहेर चाललाय."

"तो तर तिच्या पोटात आहे!"

"मग पोटातून निघेपर्यंत उभी राहू दे."

म्हशीनं शेण टाकलं ते राईत, आणि मगच तिची सुटका झाली. त्या दिवसापासून काजरवड्यातल्या म्हशी राईवरून जाताना मान दुसरीकडे वळवून जातात.

तर असं सगळं नीट चाललेलं असताना गावच्या खोताला, विसाजीला, जत्रेला जायची बुद्धी झाली. खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा, जमिनी कुणी कसायच्या ते ठरवणारा, थोडक्यात ज्याच्यापुढं सगळ्यांच्या माना खाली. खाडीपलीकडच्या गावात त्यानं कौलारू देऊळ पाहिलं, कोरीव खांब पाहिले, घंटा पाहिली. तिथल्या कुणीतरी हसत विचारलं, "तुमची देवी अजून रानातच का हो?" झालं. हे वाक्य त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं.

गावात परतल्यावर त्यानं सगळ्यांना बोलावलं. "देवीला देऊळ बांधायचं. खांब, तुळया, वासे, सगळं राईतलंच घ्यायचं. नियम काय मोडतोय? देवीचं लाकूड देवीलाच!"

 राई गेली तर झरा जाईल हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण खोतासमोर बोलणार कोण? बोलली ती येसू.

"पाऊस लागतो, ऊन लागतं, असं ती तुम्हाला कधी बोलली?"

"मग तिलाच विचारू," खोत म्हणाला. "कौल लावू."

आता कौल म्हणजे काय, ते सांगतो. देवीच्या उजव्या खांद्यावर एक फुलाची पाकळी आणि डाव्या खांद्यावर एक, पाण्यानं चिकटवायच्या. मग प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचं हो, डावी पडली तर नाही. काजरवड्यात यावर लग्नं ठरायची, पेरण्या व्हायच्या, भावाभावांतले बांधाचे तंटे मिटायचे. एकदा कौल झाला की त्यावर शब्द नाही. कौल लावायचा तो पुरुषानं, म्हणून ते काम येसूच्या दिराकडे, बाबाजी गुरवाकडे होतं. बाबाजी मनानं वाईट नव्हता. फक्त भित्रा होता, आणि भित्र्या माणसाकडून वाईट माणसाची निम्मी कामं आपोआप होतात.

पाकळ्या लावल्या. खोतानं प्रश्न विचारला. येसू सातविणीला टेकून उभी होती. तिला वाटलं, हे काय विचारणं झालं? आत्ता डावी पडेल, आणि मी घरी जाऊन या खोताच्या नावानं भात शिजवीन.

उजवी पडली.

ढोल वाजला, गुलाल उधळला, खोत मिशीवरून हात फिरवत निघून गेला आणि गाव त्याच्यामागोमाग गेलं. राईत येसू उरली आणि देवी उरली. येसूच्या हातात देवीच्या न्हाणाची घागर होती. ती तिनं झरजाईसमोर जमिनीवर उपडी केली.

"देऊळ हवं तुला? घंटा हवी? मी तुझ्या अंगावरची मुंगी पदराच्या टोकानं उचलली, तुला टोचू नये म्हणून. आणि तू या मेल्याला हो म्हणालीस? सातविणीवर पाखरं राहतात, त्यांना विचारलंस? झऱ्याला विचारलंस? मला विचारलंस? मी तुझी कोण गो? झाडू मारणारी?"

 येसूचा संताप कानशिलांतून वर चढला. तिनं जे केलं ते त्याआधी काजरवड्यात कुणी केलं नव्हतं. ती बाजूला सातविणीच्या बुंध्याशी गेली आणि देवीकडे पाठ करून बसली.

बायका समजवायला आल्या. "येसू, देवाला पाठ दाखवतात का गो?"

"आधी तिनं दाखवली."

बसली ती बसलीच. देवीला न्हाण नाही, फूल नाही, "काय गो" अशी हाक नाही. झरजाईच्या अंगावर पालापाचोळा साचला. येसूच्या अंगातून अशी धग निघायची की तिच्याभोवतीचं गवत वाळून पिवळं पडलं. माणसं लांबूनच भाकरी ठेवून जायची. भाकरी भाजली जायची, येसू खायची नाही.

मग एका सकाळी घाटावरून लाकूडतोडे आले. खोत छत्री घेऊन पुढं, मागं सगळं गाव. पहिला घाव सातविणीवर घालायचा ठरलं, आणि सातविणीच्या बुंध्याशीच येसू बसलेली. ती ओरडली नाही. तिनं कुऱ्हाडींकडे नुसतं पाहिलं. कुऱ्हाडींची पाती लाल झाली, दांड्यांतून धूर निघाला. एकानं आपली कुऱ्हाड झऱ्यात टाकली, तर झऱ्यातल्या खेकड्यांनी काठावर उड्या मारल्या, असं म्हणतात.

तोड्यांचा म्होरक्या हात चोळत म्हणाला, "खोत, ही बाई उठल्याबिगर आमच्यानं होणार नाही."

"अरे, देवीनं उजवा दिलाय!"

"देवीनं दिला असंल. हिनं कुठं दिलाय?"

येसूनं मान वर केली. "बरोबर बोललास, बाबा. लावा माझ्यावर कौल."

खोत एवढा हसला की छत्री हलली. "लावा रे, लावा! उद्या म्हशीवर पण लावू." आणि बाबाजीच्या कानाशी लागून हळूच म्हणाला, "मागच्यासारखाच."

 बाबाजीनं येसूच्या उजव्या खांद्यावर पाकळी जेमतेम ओल्या बोटानं टेकवली. डाव्या खांद्यावर मात्र ओंजळभर पाणी सोडलं आणि त्यात पाकळी बसवली. पाणी जास्त असलं की पाकळी पडत नाही. एवढी साधी गोष्ट. पण देवीवर कुणी अशी लबाडी करील हे काजरवड्यात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, म्हणून कुणी कधी बघितलीच नव्हती.

खोतानं प्रश्न विचारला. येसू समोर बघत होती. पाठीमागं झरजाई होती, आणि येसूला पाठीवर तिची नजर जाणवत होती, जशी भांडण झालेल्या बहिणीची जाणवते. नवरा गेला तेव्हा येसू रडली नव्हती. तेव्हा ती राईत आली होती, पाषाणाला टेकून बसली होती, आणि तेवढ्यानं भागलं होतं. आता टेकायचं कुणाला? तिच्या डाव्या डोळ्यात राग एवढा पेटला होता की तिथं पाणी टिकेना. पण उजव्या डोळ्यातून एक धार निघाली, गालावरून हनुवटीवर आली आणि उजव्या खांद्यावर ठिबकू लागली.

डाव्या खांद्यावरचं पाणी चर्रर्र झालं. वाफ निघाली. पाकळी पापडासारखी कडक झाली, वळली आणि टपकन खाली पडली.

ती बघायला सगळं गाव पुढं सरकलं.

"वारा आला!" खोत ओरडला. "हा कौल नव्हे!" तो वाकून उजव्या पाकळीवर फुंकर मारू लागला. गाल फुगले, डोळे बाहेर आले, पागोटं पडलं. ते एका वानरानं उचललं आणि घालून बघितलं. पाकळी हलेना. तेव्हा खोतानं ती बोटानं उडवायला हात पुढं केला. तो हात बाबाजीनं धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाचा तरी हात धरला.

"पुरे, खोत! वहिनी, देवीचा कौल खोटा होता. तिचा नव्हता, माझा होता. डावीकडे पाणी मीच सोडलं. नाही सोडलंस तर तुझी जमीन काढून घेईन, असं खोत म्हणाले."

मग मात्र गाव पेटलं. इतक्या वर्षांची खाली घातलेली मान एकदम वर आली की तिला झटका बसतोच. बायकांनी झाडू उचलले, बापयांनी तोड्यांच्याच निवलेल्या कुऱ्हाडी. खोत पळाला. मागं आवाज एवढा होता की त्या धक्क्यानं तो होडीशिवाय खाडी पार करून गेला, आणि पलीकडच्या गावातल्या देवळात जाऊन घंटेला लटकला. त्यानं देवळासाठी घातलेलं जोतं अजून आहे. त्यावर शेळ्या बसतात.

सगळे येसूकडे परत आले. "ऊठ गो, येसू. देवीचा दोष नव्हता. वळ आता तिच्याकडे."

येसू वळली नाही. तिचा राग उतरायचा सोडून आणखी चढला. "तिचा कौल नव्हता ना? मग ती गप का बसली? तिच्या नावानं तिच्याच अंगावर खोटं बोलत होते. आणि तुम्ही? राई जाणार हे एकूण एकाला कळत होतं. एकाच्या तोंडून 'नको' निघालं नाही. नको म्हणायला देवी कशाला लागते रे? जीभ नाही तुम्हाला?"

बाबाजी रडायला लागला.  बाकीचे पुन्हा खाली मान घालून घरी गेले. दुसऱ्या सकाळी बायका पेज घेऊन आल्या, तर सातविणीखाली येसू नव्हती. तिथं येसूच्या उंचीचा, मान ताठ असलेला एक काळा पाषाण होता. आणि झरजाई, जी कायम खाचरांकडे तोंड करून उभी होती, ती कुणी न हलवता फिरली होती. येसूच्या पाठीकडे तोंड करून ती उभी राहिली होती. अजून तशीच आहे. मनधरणी चालू आहे, असं म्हणतात.

तेव्हापासून काजरवड्यात लग्नाचा, पेरणीचा कौल झरजाईवर लावतात, पण राईचा कौल फक्त येसूवर. आणि तो बाईच लावते. राई मागायला कुणी ना कुणी येतच असतं. कधी कुणाला रस्ता सरळ करायचा असतो, कधी कुणाला झाडीत बंगले बांधायचे असतात. गाव त्यांना मोठ्या अदबीनं बसवतं, चहा देतं आणि म्हणतं, "विचारू की. कौल लावू." मग पाहुण्यांचा चहा होईपर्यंत सगळं गाव एकेक करून राईत जातं. झऱ्याचं ओंजळभर पाणी घेतं, येसूच्या उजव्या खांद्यावर सोडतं आणि मोठ्यानं म्हणतं, "नको!" म्हातारे म्हणतात, बायका म्हणतात, नुकतं बोलायला लागलेलं पोरही कडेवरून म्हणतं. पाहुणे येतात तेव्हा उजवा खांदा निथळत असतो. डाव्या खांद्यावर फांद्यांतून उन्हाचा एक कवडसा पडतो, दगड तापलेला असतो. उजवा कौल अजून एकदाही लागलेला नाही.

ही बाबाजीचीच लबाडी की, असं कुणी म्हणेल. आहेच. पण बाबाजीनं ती भिऊन केली आणि गाव ती चिडून करतं, एवढा फरक येसूला पुरतो.

तुम्ही राई बघायला आलात तर म्हातारे सांगतील, पाणी तिचा राग शांत व्हावा म्हणून घालतात. हो म्हणा आणि घाला. ओंजळभर पाणी, उजवा खांदा, आणि एकदा नको. पुटपुटू नका, तिला पुटपुटणारी माणसं आवडत नाहीत. आणि निघताना कपडे नीट झटका. झाडाचं पान तोडून चघळायची सवय असेल तर आधीच सांगून ठेवतो, ती म्हैस संध्याकाळपर्यंत उभी होती.