सागाची मुळी

एकदा एका वृद्ध आचार्यांनी आश्रमामागच्या उघड्या डोंगरावर सागाचे बी पेरले आणि शिष्याला बजावले, "पाणी घालायचे नाही. थेंबभरही नाही." गावकरी हसले. साठी बुद्धी नाठी म्हणतात ती हीच, असे तोंडावर म्हणायलाही त्यांनी कमी केले नाही.

सुकेतू नावाचा तो शिष्य हसला नाही, पण खट्टू झाला. पाच वर्षे त्याने ती रोपे पाहिली. पावसात वीतभर वाढायची, उन्हाळ्यात वणव्याने जळून काडी व्हायची, पुढच्या पावसात पुन्हा वीतभर. गुडघ्याला काही लागेनात. त्याचे स्वतःचेही तेच चालले होते. दर वर्षी विद्वानांच्या सभेत उभा राही, दोन-तीन प्रश्नांतच अडखळे आणि मान खाली घालून परत येई. उत्तर विचारले, तर आचार्य एवढेच म्हणत, "शोध." दुसरीकडचे गुरू मात्र उत्तरे घोकून घेत, आणि त्यांचे शिष्य सभा जिंकत. सुकेतूला हे फार लागे.

म्हणून आश्रमाच्या कुंपणालगतच्या, वणवा न पोचणाऱ्या एका रोपाला तो रोज पहाटे चोरून कळशीभर पाणी घाली. ते छातीएवढे झाले. एवढे एक तरी आपल्या हातून झाले, याचा त्याला मोठा आधार होता. पण यंदा वैशाखात तो तापाने दहा दिवस अंथरुणाला खिळला. उठून पाहतो तर रोप वाळून खडखडीत!

त्याने बोचके बांधले आणि आचार्यांच्या पाया पडला. "गुरुजी, निघतो. माझ्या हातून एक रोप जगत नाही, तिथे विद्या कसली येणार?"

आचार्यांनी त्याला अडवले नाही. "जा बाबा. मात्र जाण्याआधी तुझे ते पाण्यावरचे रोप उपटून आण, आणि उतारावरची एक जळकी काडीही आण. दोन्ही मुळासकट. तीच माझी दक्षिणा."

आपली चोरी उघडी पडली हे कळून सुकेतू शरमला. छातीएवढे रोप एका हिसक्यात हातात आले. उतारावरची काडी ओढली, तर ती मोडली. त्याने कुदळ घेतली. हातभर खणले तेव्हा मनगटाएवढी जाड मुळी लागली. कमरेएवढा खड्डा झाला, मुरूम लागला, तरी मुळी आपली खाली चाललेलीच. दिवस कलला, तळहाताला फोड आले, तेव्हा तो एकच रोप घेऊन परतला.

"काय रे, एवढीशी काडी येईना?" आचार्यांनी विचारले.

"खोल गेली आहे, गुरुजी. आणि जिवंत आहे."

"पाणी रोज वरच मिळाले, तर मुळाने खाली कशाला जावे? जळते ते वरचे. पावसाळ्यात पानांनी जे कमावले, ते मुळीत साठून राहते. साठा पुरेसा झाला की एकाच पावसात झाड असे उंच जाते की वणव्याची झळ शेंड्याला पोचत नाही. सगळीच तोवर तगत नाहीत, हेही सांगतो, निम्मी मेली. आता मला सांग, सभेत ज्या प्रश्नांवर अडलास, त्यांचे परत आल्यावर काय केलेस?"

"शोधली उत्तरे. एकेकाला महिने लागले."

"मग ती कुठे गेली?"

सुकेतूचे डोळे भरून आले. तो उठला, उतारावर गेला आणि मुळीभोवतीची माती लोटून खड्डा बुजवला. परत येताना कळशी सवयीने हाताशी आली. ती त्याने कुंपणाजवळ उपडी घातली आणि बोचके सोडायला आत गेला.