चाळीस अक्षरांची ओळ

एका गावात अंध मुलांची एक शाळा होती आणि तिथं चंद्रप्रभाबाई नावाच्या शिक्षिका होत्या. शाळेत यंदाच ब्रेलचे ठिपके उमटवणारं यंत्र आलं होतं. ते संगणकाच्या लिनक्स प्रणालीवरच्या एका स्क्रिप्टनं, म्हणजे छोट्याशा प्रोग्रॅमनं चालायचं आणि ती स्क्रिप्ट बाईंनी स्वतः लिहिली होती. त्याचा त्यांना कोण अभिमान!

सोमवारी परीक्षा. शुक्रवारी बाईंनी स्क्रिप्टमध्ये जरासा बदल केला आणि यंत्र बंद पडलं.

"दरवर्षीसारखी तोंडी परीक्षा घेऊन टाका," मुख्याध्यापक म्हणाले.

सातवीतली हौसा फणकारली, "नाही हं सर! यंदा आम्ही आमच्या बोटांनी वाचणार."

बाईंनी लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर मदत मागितली. पण आपली गबाळी स्क्रिप्ट चारचौघांना कशी दाखवायची? म्हणून त्यांनी अडलेली ओळ मोबाइलवर नव्यानं, नीटनेटकी टाइप करून पाठवली. लोक म्हणाले, ओळ तर बरोबर आहे, संगणकातलं ब्रेलचं सॉफ्टवेअर, ते पॅकेजच बिघडलं असेल. झालं! बाईंनी पॅकेज काढलं, पुन्हा टाकलं. एकदा नाही, तीनदा. यंत्र आपलं ढिम्म.

शनिवारी दुपारी ग्रुपवरचे अकोल्याचे लोखंडेकाका वैतागले. "बाई, नटवून-सजवून नका पाठवू. आहे तशी फाइल पाठवा."

बाईंचे कान तापले. पण हौसाचा चेहरा आठवला आणि त्यांनी अख्खी फाइल पाठवून दिली, गबाळेपणासकट.

दोन मिनिटांत काकांचं उत्तर आलं. "अहो बाई, एका ओळीत चाळीस अक्षरं, हा आकडा तुम्ही मराठीत लिहिलाय!"

अरे देवा! प्रश्नपत्रिका टाइप करता करता कीबोर्ड मराठीवरच राहिला होता. बाईंना ४० म्हणजे चाळीसच दिसत होते. संगणकाला मात्र 40 हवे होते. मोबाइलवर आकडा इंग्रजीत पडला आणि ग्रुपला चूक दिसलीच नाही. बाई एकट्याच खो खो हसल्या. आकडा बदलला आणि यंत्र खडखडायला लागलं.

सोमवारी हौसानं कागदावर बोटं फिरवली आणि आनंदाच्या भरात पहिला प्रश्न मोठ्यानं वाचला.

"अगं, परीक्षा आहे, मनात वाच!" मुख्याध्यापक ओरडले. पण दुसरा प्रश्न ऐकायला तेही दारातच थांबले.

तात्पर्य: चूक झाकून मदत मागितली, तर मदत करणाऱ्यालाही ती सापडत नाही. लाज बाजूला ठेवावी आणि झालं ते जसंच्या तसं दाखवावं.