काठ्यांच्या माथ्यावरची रेघ

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

एका उंच पठारावर तीस घरांचं गाव होतं. तिथली एक मुलगी लहानपणी दूरच्या राजधानीत शिकायला गेली आणि बारा वर्षांनी परत आली. परतीच्या वाटेवर तिनं मनाशी एक चित्र रंगवलं होतं. गावात कुणाला आकडे ठाऊक नसतील. लोक बोटांवर मोजत असतील आणि बोटं संपली की थांबत असतील. आपण शाळा बांधू, फळ्यावर पहिली सरळ रेघ ओढू, आणि अख्खं गाव थक्क होऊन बघत राहील.

प्रत्यक्षात थक्क व्हायची पाळी तिच्यावर आली.

गावानं तिचं मोठ्या मनानं स्वागत केलं. आल्या दिवशीच ती म्हणाली, "मला शाळा बांधायची आहे," आणि दुसऱ्या कुणी काही म्हणायच्या आत गवंडी उठून उभा राहिला. माती गावाची, हात गावाचे. भिंतींचा चिखल तुडवायला पाणी हवं होतं, तर प्रत्येक घरानं आपण होऊन चार घागरी द्यायचं कबूल केलं. रोज सकाळी बायका टाक्यावरून घरच्यासाठी चार घागरी नेत, आणि शाळेसाठी आणखी चार. आपल्या चार घागरींचा प्रत्येक घराला अभिमान होता.

त्या गावात एक रीत होती. दिलेलं पाणी मोजायचं नाही आणि परतही मागायचं नाही.

हे टाकं म्हणजे कातळात कोरलेली एक खोली समजा. भिंती ताठ, तळ सपाट, वर खडकाचं छत. गावाला दुसरं पाणी नव्हतं. टाक्याच्या तोंडापाशी मोकळ्या जागेत कारवीच्या काठ्यांची एक लांब रांग रोवलेली होती. एका टोकाला माणसाहून उंच काठी, मग हळूहळू ठेंगण्या होत गेलेल्या. मुलीला ती रांग आल्या दिवशीच दिसली होती. शेळ्या अडवायचं अर्धवट कुंपण असेल, असं वाटून तिनं पुढचे दहा दिवस तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी गवंडी कामावर आलाच नाही. चिखल तुडवणारेही आले नाहीत. ती शोधत निघाली, तर सगळं गाव टाक्यापाशी जमलेलं.

"आज काम नाही, ताई," गवंडी म्हणाला. "आज सुतळीचा दिवस."

"कसली सुतळी?"

"बघ तर खरं. राजधानीत नसेल हे."

टाक्याची राखणदारीण ही साठीची, काटक बाई होती. गाव तिला मावशी म्हणे. तिनं एक लांब वेळू टाक्यात तळापर्यंत उभा सोडला आणि वर ओढून घेतला. वेळूचा जेवढा भाग भिजला होता, तेवढ्याच लांबीची कारवीची काठी तिनं कोयत्यानं तोडली आणि रांगेच्या शेवटी, आधीच्या काठीपासून एक पाऊल पुढे, रोवली.

मुलगी बघतच राहिली. "रोज एक काठी?"

"रोज एक," मावशी म्हणाली. "पाणी जेवढं, काठी तेवढी. दिवस सरला, पाऊल पुढे. आज पन्नास दिवस झाले. पन्नासाव्या दिवशी माथ्यांवरून सुतळी ताणायची, ती जमिनीला जिथे टेकेल त्या दिवशी पाणी संपणार. माझ्या सासूच्या सासूनंही असंच केलं."

रांग जिथे संपत होती, तिच्या बऱ्याच पुढे एक काळा दगड बसवलेला होता. पहिली काठी दर वर्षी एकाच ठरलेल्या दिवशी रोवली जाई, आणि तिच्यापासून पंच्याऐंशी पावलांवर हा दगड. तो पावसाचा दगड. त्या दगडापलीकडे पाऊस कधीच लांबला नव्हता. सुतळी दगडाच्या पुढे टेकली की गाव निर्धास्त. अलीकडे टेकली, तर गुरंढोरं घेऊन तीन दिवस चालत खालच्या नदीवर जायचं. असं एकदाच घडलं होतं, आणि निघालेली सगळी माणसं पोहोचली नव्हती.

मुलगी पहिल्या काठीपाशी गेली. तिनं एक डोळा मिटला आणि माथ्यांवरून नजर टाकली.

पहिल्या काठीपुढचे चाळीस माथे एका रेघेत होते. कुणी फळी धरून कापावेत, इतके एका रेघेत. पहिली काठी शंभर बोटांची, पुढची नव्व्याण्णव, त्यापुढची अठ्ठ्याण्णव. दर पावलाला एक बोट कमी. राजधानीत गुरुजींनी वाळूच्या पाटावर हीच रेघ तिला शिकवली होती. एक घर पुढे सरकलं की एक घर खाली उतरायचं, दर वेळी सारखंच. ती रेघ पाटावरच राहते, असं तिला आजवर वाटत आलं होतं. इथे ती उन्हात उभी होती, अंगावर पाखरं बसवून, आणि अजून न उगवलेल्या दिवसाकडे बोट दाखवत होती.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"टाक्यानं. दुसरं कोण शिकवणार?"

मग सुतळी ताणली गेली. चाळिसाव्या दिवसापर्यंत ती प्रत्येक माथ्याला टेकत गेली. त्यापुढे मात्र सुतळी हवेत राहिली आणि काठ्या तिच्या खाली बुडून गेल्या. शेवटच्या दहा दिवसांत काठी दर दिवशी दोन बोटं उतरली होती. साठ बोटांवरून थेट चाळीसवर.

गलका झाला.

"शेळीनं शेंडे खाल्ले असणार!"

"तुझीच शेळी ती. तिला दुसरा धंदा काय?"

"ऊन वाढलंय हो यंदा."

"टाक्यात ऊन शिरतंय कुठून? डोक्यावर खडक आहे की तुझं पागोटं?"

मावशीनं दुसरी सुतळी घेतली आणि शेवटच्या दहा माथ्यांवरून ताणून पुढे नेली. ती सत्तराव्या पावलावर जमिनीला टेकली. दगड तिथून पंधरा पावलं लांब होता.

मुलीच्या अंगात शिकलेलं सगळं जागं झालं. रेघ जिथे वाकते, तिथे काहीतरी नवं घडलेलं असतं. तिनं उत्साहानं विचारलं, "चाळिसाव्या दिवशी काय झालं? आठवा बरं! कुणाकडे पाहुणे आले? नवी गुरं आणली?"

पाटलांनी पागोटं सारखं केलं. बायका घागरींच्या काठाकडे पाहू लागल्या. गवंड्याला एकाएकी खोकला आला.

शेवटी मावशी म्हणाली, "तू आलीस."

मुलीनं मनात हिशेब केला. तीस घरं, चार घागरी. तीस घरं, आठ घागरी. उतार दुप्पट झाला होता, कारण पाणी दुप्पट जात होतं. तिच्या शाळेला रोज एका गावाएवढी तहान लागत होती.

"मला सांगितलं का नाही कुणी?"

"दिलेलं पाणी मोजत नाहीत, पोरी," पाटील म्हणाले. "आणि शिकून आलेल्या लेकीला नाही म्हणायचं, तेही शाळेला?"

"किती दिवसांचं काम उरलंय, दादा?" तिनं गवंड्याला विचारलं.

"सहा. सहा दिवसांत भिंती पुऱ्या होतील. मग वर छप्पर चढवायला पाणी लागत नाही. पण आत्ता सोडलं, तर पहिल्या चार सरींत भिंती विरघळून जातील, ताई. माती आहे ती. पुन्हा शून्यापासून."

"मग सहा दिवस द्या मला. सातव्या दिवसापासून चारच घागरी. आत्ताचं पाणी चाळीस बोटं आहे, एवढं तर पुरेल?"

मावशीनं सुतळीचं टोक तिच्या हातात दिलं. "मला कशाला विचारतेस? ताण की."

तिनं सहा काठ्या तोडल्या, प्रत्येक आधीच्या काठीपेक्षा दोन बोटं आखूड. शेवटची अठ्ठावीस बोटांची झाली. तिथून पुढे जुन्या उतारानं, दर पावलाला एक बोट, सुतळी सोडली. सुतळी चौऱ्याऐंशीव्या पावलावर टेकली. दगडाच्या एकच पाऊल अलीकडे.

तिनं एक काठी उपटली. टोक एक पाऊल पुढे सरकलं आणि नेमकं दगडावर आलं, पण पाच दिवसांत भिंती पुऱ्या होत नव्हत्या. आणखी एक उपटली, आणखी एक पाऊल. सगळ्या सहा उपटल्यावर टोक नव्वदाव्या पावलावर जाऊन टेकलं, दगडाच्या पाच पावलं पलीकडे. शाळेचा एक दिवस म्हणजे गावाचा एक दिवस. ना जास्त, ना कमी.

"एकाच दिवसाचा तर प्रश्न," एक तरुण म्हणाला. "एक दिवस तहान काढू."

"तू काढशील रे," त्याची भावजय म्हणाली. "गाईला सांगशील? आणि मावशीच्या लेकीचे दिवस कधी भरतात ते विचार. त्याच आठवड्यात. बाळंतिणीला सांग, आज पाणी नाही, उद्या ये म्हणून."

मावशी सुतळी गुंडाळत राहिली.

पाटील म्हणाले, "पाणी आम्ही तुला दिलंय, पोरी. परत मागायची आमच्यात रीत नाही. सहा दिवस घ्यायचे की सोडायचे, ते तूच उद्या सकाळी सांग. गाव ऐकेल."

दिवसभर मुलगी गावात नुसती फिरत राहिली. आज तिला सगळीकडे तीच रेघ दिसत होती. एका ओट्यावर घासलेल्या वाट्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. पहिली वाटी चार बोटं उंच, मग प्रत्येक वाटीनं एकच बोट भर घातलेली. पाच वाट्यांची चळत आठ बोटं, दहांची तेरा. तिनं न मोजता सांगितलं, मग बोटं लावून पाहिली, आणि बरोबर निघालं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. कोष्ट्याच्या मागावर कापड दर प्रहराला एक वीत वाढत होतं. तेलाचा बुधला पणतीगणिक उतरत होता. दर वेळी सारखंच, दर वेळी न चुकता. जणू जगाच्या आतून कुणीतरी एक सुतळी ताणून ठेवली होती आणि लोक रोज तिच्यावरच वस्तू वाळत घालत होते.

उन्हं कलताना ती मावशीच्या अंगणात गेली. मावशीची लेक भिंतीला टेकून, पाय पसरून, शेंगा सोलत होती.

"मावशी, सगळंच असं रेघेत चालतं का हो?"

मावशी हसली. "अगं, सगळंच चाललं असतं तर मी तुझ्यापेक्षा शहाणी नसते का? पोर रेघेत वाढत नाही. पहिल्या वर्षी झपाझप, मग रेंगाळतं. ताप रेघेत चढत नाही. म्हणून तर रोज काठी रोवायची. नुसती पहिली आणि दुसरी रोवून घरी बसले असते, तर आज कळलं असतं का, तू आलीस ते?"

लेकीनं हसून मूठभर शेंगा तिच्या ओंजळीत टाकल्या. "खा ताई. आणि आईचं मनावर घेऊ नका. शाळा माझ्या बाळालाही लागणारच आहे की."

मुलीनं शेंगा पदरात बांधल्या. तिथून उठून ती भिंतींपाशी गेली. खांद्याएवढ्या झाल्या होत्या. ओल्या मातीचा वास येत होता. गिलाव्यावर गावच्या बायकांच्या बोटांचे ठसे होते. अंधार पडेपर्यंत ती भिंतीला हात लावून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बायका टाक्यावर आल्या. प्रत्येकीबरोबर आठ घागरींची तयारी होती. मुलगी त्यांच्या आधी येऊन थांबलेली होती.

"आजपासून चारच घागरी," ती म्हणाली. "भिंती इथेच थांबतील. पावसात जातील त्या, मला ठाऊक आहे. पाऊस येऊन टाकं भरलं की पुढच्या सुगीनंतर पुन्हा उभ्या करू, आणि तेव्हा पहिली घागर उचलण्याआधी सुतळी ताणू."

गवंड्यानं मान खाली घातली. "दहा दिवसांचे हात होते, ताई."

"होते, दादा. माझेही होते."

"आणि शाळा?" पाटलांनी विचारलं.

"शाळा आज भरेल. मुलांना इथे पाठवा, या रांगेपाशी. मावशी वेळू बुडवतील, मुलं काठी तोडतील, आणि मी त्यांच्याबरोबर बसून शिकेन."

मावशीनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग वेळू पाण्यात सोडला. सुतळीच्या दिवशी काम बंद होतं, त्यामुळे त्या सकाळची काठी आदल्या दिवसापेक्षा एकच बोट आखूड निघाली. रेघ पुन्हा आपल्या जुन्या उताराला लागली होती.

हे ध्यानात ठेवा: बदलाची चाल ज्याला मोजता येते त्याला न आलेला दिवस आजच दिसतो, आणि तो दिसल्यावर जो आपला हात आवरतो, तोच खरा शिकलेला.