जाईपरी आणि फुलायला निघालेली शेळी

टेकडीच्या पायथ्याशी एक सुंदर बाग होती. पांढरीशुभ्र जाई, केशरी अबोली आणि लालचुटुक जास्वंद तिथे दाटीवाटीनं फुलत. बागेच्या कडेला, कुंपणाला अगदी टेकून, एक इवलंसं घर होतं. त्यात शेवंती, तिची आई आणि धाकटी छबू राहायच्या. बाग त्यांची नव्हती. आई तिथे खुरपं चालवायची, झाडांना पाणी घालायची, आणि त्यावर मिळेल तेवढ्यात तिघी भागवायच्या.

त्या वर्षी छबूला ताप आला. चार दिवसांनी तो गेला खरा, पण जाताना तिची भूक बरोबर घेऊन गेला. आई मऊ भात कालवायची, छबू तोंड फिरवायची.

"पोटात अन्न गेलं नाही तर पोरीच्या अंगात बळ यायचं कसं?" वैद्यबुवा म्हणाले आणि काळजीनं मान हलवत निघून गेले.

छबू फक्त गोष्ट ऐकताना खायची. त्यांच्या घरी कहाणी ऐकण्याची एक रीत होती. ऐकणाऱ्यानं मुठीत अक्षता धरायच्या आणि कहाणी संपेपर्यंत मूठ सोडायची नाही. छबूला ती रीत फार आवडायची. गोष्ट रंगली की तिची चिमुकली मूठ घट्ट मिटायची, तोंड उघडं राहायचं, आणि आई हळूच त्यात घास सारायची. पण शेवंतीला येत होत्या तेवढ्या गोष्टी संपल्या. "ही ऐकलीय," छबू म्हणायची, आणि अक्षता अंथरुणावर सांडायच्या.

"तू नवी रच ना," आई म्हणाली.

"मला कुठे येतं? मधेच अडखळते मी," शेवंती म्हणाली. तिला रडूच आलं.

सकाळी ती बागेत गेली. पानापानावर दव चमचमत होतं. जाईच्या वेलीवर एक पिटुकली परी बसली होती. तिचे पंख गुलाबी, सोनेरी, मोरपंखी, आणि क्षणाक्षणाला नवाच रंग!

"रडतेस का गं, शेवंती?"

शेवंतीनं सगळं सांगितलं. परी म्हणाली, "तीन सकाळी तुझ्या. रोज एक इच्छा माग. पण दव वाळायच्या आत मागायची, उशीर झाला तर ती गेली. आणि मी जे देईन त्यात तुला काडीचीही भर घालता येणार नाही. कबूल?"

"कबूल! मला एक नवीकोरी गोष्ट दे, परीताई."

परीनं जाईचं फूल हलवलं आणि एक झगमगती गोष्ट शेवंतीच्या कानात उतरली. हिऱ्यांचा महाल, त्यात राजकन्या, तिच्या दाराशी चांदीचा हत्ती! शेवंती धावत घरी आली. छबूनं अक्षता घेतल्या, दोन घासही खाल्ले. मग तिनं विचारलं, "ताई, त्या राजकन्येला ताप येतो का गं?"

शेवंतीनं गोष्ट पुन्हा आठवून पाहिली. गोष्टीत तेवढंच होतं आणि भर तर घालता येत नव्हती. छबूनं वाट पाहिली, मग मूठ सोडून दिली.

दुसऱ्या सकाळी शेवंतीनं सुंदर सुंदर शब्द मागितले. तेही मिळाले, टपोरे आणि लखलखीत. घरी येऊन तिनं तोंड उघडलं तर नुसती रत्नखचित सिंहासनं आणि सुवर्णमंडित शिखरं बाहेर पडायला लागली. तिला साधं 'ये गं' म्हणायचं होतं, तेही जमेना. छबूला काही कळेना.

"ताई, तू आज भटजींसारखी का बोलतेस?" असं विचारून ती भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या दिवशी तिनं एकही घास घेतला नाही.

तिसऱ्या सकाळी शेवंती पहाटेपासूनच वेलीखाली उभी होती. आदल्या संध्याकाळपर्यंत तिच्या जिभेचा लखलखाट उतरला होता, पण छबूच्या गालांवरची हाडं दिसायला लागली होती. आज चुकून चालणार नव्हतं. परी आली, पण तिच्या पंखांचे रंग अगदी फिके पडले होते.

"तुला बरं नाही का, परीताई?"

"दमले गं. दिवसभर गोष्टी वाटत फिरते."

"आणि तुला कोण सांगतं?"

परीनं डोळे मोठ्ठे केले. "मला? कुणीच नाही. कुणी विचारलंच नाही आजवर."

ऊन पानांवर चढत होतं. दवाचे थेंब एकेक करून विरत होते. शेवंतीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग परीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिनं ओच्यातल्या अक्षता काढल्या आणि दोन दाणे परीच्या इवल्या मुठीत ठेवले.

"मला नीट येत नाही हं," ती म्हणाली. "पण सांगते. काल शेजारच्या शेळीनं बागेतली जास्वंद खाल्ली. सगळी! आणि मग... मग ती... थांब, मागे जाते. आधी तिला वाटलं, आता मी पण फुलणार."

"अय्या! मग?"

"मग ती उन्हात उभी राहिली. हलेचना. म्हणाली, कळी शिंगावर येईल का शेपटीवर?"

परी खुदकन हसली. तिच्या पंखांवर गुलाबी उमटला, मग सोनेरी. शेवंती अडखळली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. परीची मूठ घट्ट मिटलेलीच होती. आणि बोलता बोलता शेवंतीचं लक्ष गेलं, तर दव वाळून गेलं होतं.

"माझी इच्छा!" ती रडवेली झाली. "आता छबूला काय सांगू?"

"नियम मला मोडता येत नाही," परी हळूच म्हणाली. "पण वेडे, ही शेळी काही मी दिलेली नाही. तू पाहिलीस, तू रचलीस. हिच्यात तुला हवी तेवढी भर घालता येईल. अडखळलीस तर मागे जा. ऐकणारा थांबतो गं. चल, पुढचं ऐकायला मीही येते."

परी खिडकीत बसली. शेवंतीनं गोष्ट सुरू केली. छबूनं नाइलाजानं अक्षता घेतल्या. शेळी उन्हात उभी राहिली, एक मधमाशी येऊन तिच्या नाकावर बसली, आणि छबूनं भुवया उंचावल्या.

"पण ताई, तिला पाणी कुणी घातलं? फुलायचं तर पाणी नको?"

शेवंतीनं खिडकीकडे पाहिलं. तिथून परी नुसती पाहत होती. मग शेवंतीला हसू फुटलं. "अगं, तीच तर गंमत! ती गेली आईकडे आणि म्हणाली, बाई, माझ्या खुरांना जरा आळं करून द्या."

"माझ्याकडे?" आई म्हणाली. "आणि मी दिलं का करून?"

छबू खदखदून हसली. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं. आईनं घास पुढे केला, तो गेला. दुसरा गेला, तिसराही गेला.

खिडकीत सोनेरी उजेड भरला. परीनं शेवंतीकडे पाहून मान डोलावली आणि ती त्या उजेडात विरून गेली. छबूला यातलं काही दिसलं नाही. तिचं लक्ष वाटीत होतं.

"आई, भात संपला," ती म्हणाली. "अजून दे ना."