इनामदारांची शिळा

माणदेशातल्या एका उजाड गावानं तीन उन्हाळे खपून ओढ्यावर मातीचा बांध घातला. मातीचं शेवटचं टोपलं रिकामं करून म्हातारी गोजाबाई टेकते न टेकते, तोच इनामदार घोड्यावरून आले. मागच्या गाडीत त्यांच्या नावाची शिळा होती.

"बांध मधोमध खणा आणि ही बसवा."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. गोजाबाईच्या अंगात तर उठायचंही त्राण नव्हतं. ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "सरकार, मातीत दगड घातला की पाणी त्याच्याच कडेनं वाट काढतंय. उद्या बांध फुटला, तर गाव शिळेवरच्या नावानंच बोटं मोडंल."

इनामदार घुटमळले. "मग बांधाला माझं नाव लागायचं कसं?"

गोजाबाईनं रिकामं टोपलं त्यांच्याकडे सरकवलं.

"आमची समद्यांची ह्यातनंच आत गेलीत."