मागसोलीचा कानोसा

मागसोलीच्या कोष्टी आळीत शिरलं की माणसाला स्वतःचे विचारसुद्धा ऐकू येत नाहीत. दोन्ही बाजूंना यंत्रमागांचा खडखडाट. बोलायचं तर ओरडावंच लागतं, त्यामुळे इथली साधी विचारपूसही पाहुण्याला भांडणासारखी वाटते. आणि मग भर दुपारी, एकाएकी, सगळे माग थांबतात. नवखा माणूस सवयीने वीज मंडळाला नावं ठेवतो. पण डोक्यावर पंखे फिरत असतात. जेवणाची सुट्टी म्हणावी, तर जेवणं कधीच उरकलेली असतात. माणसं नुसती मागाशी उभी राहतात, मान किंचित कलती करून. याला इथे कानोसा म्हणतात. उत्पादनवाढीचं शिबिर घ्यायला आलेल्या पाहुण्यांनी एकदा सांगितलं, की यात वेळ फुकट जातो. गावाने ते मन लावून ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि दुपारी माग थांबवले.

ही रीत येसाईपासून पडली, असे सांगतात.

तेव्हा गावात वीज नव्हती, हातमाग होते. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, हातांनी धोटा फेकायचा आणि फणी ठोकायची. येसाई ही रेवण कोष्ट्याची बायको. तिचा हात नवऱ्यापेक्षा चांगला होता. हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं, रेवणलाही होतं, आणि तरी दोघांचा संसार नीट चालला होता. यालाच काही लोक गोष्टीतला पहिला चमत्कार मानतात.

तिचं पहिलं मूल गेलं ते ती मागावर असताना. पाळणा पलीकडच्या खोलीत होता, सासू जवळच बसली होती, पण वाती वळता वळता म्हातारीचा डोळा लागला. पोर रडलं असेल, खोकलं असेल. मागाच्या आवाजात येसाईला काही ऐकू आलं नाही. सासूला तिने कधी बोल लावला नाही. फक्त त्या दिवसापासून ती मागावर बसली नाही.

पुढे मुलगी झाली. मरणाची नजर पडू नये म्हणून तिचं नाव धोंडी ठेवलं. ती तान्ही असतानाच तापाने फणफणली, तेव्हा येसाईने गावच्या चौंडेश्वरी देवीपुढे पदर पसरला. ‘हिला वाचव. पौषातल्या पौर्णिमेला माझ्या हातचं लुगडं तुला नेसवीन.’ ताप उतरला. घाबरलेली माणसं नवस बोलताना अटी नीट वाचत नाहीत. विणायचं म्हणजे मागावर बसायचं, हे तिच्या नंतर लक्षात आलं. नवस मोडला तर पोर जाईल, आणि मागावर बसलं तरी पोर जाईल, असं तिच्या मनाने घेतलं. मार्गशीर्ष लागला तरी ताण्याचं उभं सूत तसंच गुंडाळून पडलं होतं.

रेवणने आपल्या परीने सुधारणा केली. झोळी थेट मागाच्या वर टांगली आणि तिची दोरी फणीला बांधली. फणीच्या प्रत्येक ठोक्याला धोंडी वर उडू लागली आणि खदखदून हसू लागली. कापड मात्र असं निघालं, की त्याची गोणीसुद्धा झाली नसती. आळी बघायला लोटली.

“रेवण्या, लुगडं विणतोस की पोरगी?” शेजारच्या गुंडोबाने विचारलं.

मग त्याने दोरी पावड्यांना बांधली. झोळी संथ हलू लागली, धोंडी निजली, कापडही सरळ आलं. रेवण खूश झाला. येसाई दोन बोटं विणून उठली.

“आता काय झालं?”

“अहो, ती झोपली आहे की गप्प पडली आहे, हे कसं कळणार? झोळी तर मीच हलवते आहे.”

“मग घटकाभर थांब आणि ऐक.”

“मी थांबले तरी आळी थांबते का?”

रेवण उठून गुंडोबाकडे गेला. येसाई पोरीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. तिथून तिला सगळं दिसत होतं.

“सगळ्या आळीने माग थांबवायचे?” गुंडोबा म्हणाला. “का, तर तुझ्या पोरीचा श्वास ऐकू यावा म्हणून? उद्या म्हणशील, चिमण्यांना ताकीद द्या.”

“चिमण्यांचं मी बघतो, काका. तुम्ही मागाचं बघा.”

“लग्नसराई तोंडावर आली आहे. नाही जमायचं.”

गुंडोबाची बायको भागाकाकू कोपऱ्यात रहाटावर कांड्या भरत होती. धोट्यात घालायची सुताची कांडी संपली, की विणणाऱ्याचा हात आपोआप तिच्याकडे जायचा. त्या दिवशी गुंडोबाचा हात तसाच पुढे आला आणि रिकामाच राहिला.

“विणा ना,” काकू म्हणाली. “कोण अडवतंय? कांड्या मी भरत नाही.”

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट रहाटारहाटावर पोचली. पुरुषांनी मोठ्या मनाने संमती दिली, असे म्हणतात. कांड्यांवाचून दुसरं काय देता आलं असतं, हे मात्र कोणी सांगत नाही.

ठरलं ते असं. येसाईची एक कांडी संपली की तिने धोटा मागाच्या लाकडावर वाजवायचा. ते ऐकून शेजारच्याने वाजवायचा, मग त्याच्या शेजारच्याने, आणि आळी गप्प व्हायची. त्या शांततेत येसाई झोळीला कान लावायची. आतला मऊ, दुधाळ श्वास ऐकायची, आणि माग सुरू करा म्हणून पुन्हा धोटा वाजवायची.

पुरुषांना तेवढ्यात करायला काही नव्हतं. शिव्या देऊन झाल्यावर ते आपल्याच कापडावरून हात फिरवू लागले. तुटलेले धागे हाताला लागू लागले. पूर्वी हातभर कापड बिघडल्यावर दिसायचं, ते आता बोटभरात सापडे. त्या हंगामात मागसोलीचा एकही नग पेठेतून परत आला नाही. थांबण्याची कल्पना आपलीच, हे गुंडोबाला तेव्हापासून आठवू लागलं.

पौर्णिमेला येसाई लुगडं घेऊन देवळात गेली. गुरवाने ते उजेडात धरलं. बाकीचे जागेवरच बसून राहत, पण येसाई झोळीला कान लावायला जिथे जिथे खड्ड्यातून पाय काढून उठली होती, तिथे आडवी बारीक रेघ उठली होती. अंगभर रेघा होत्या.

“येसाई, यात खोट आहे. हे देवीला कसं नेसवू?”

येसाईने एका रेघेवर बोट ठेवलं. “गुरवदादा, त्या मी थांबले तिथल्या रेघा आहेत. प्रत्येक रेघेला पोर श्वास घेत होती. यातली कुठली काढून टाकू?”

गुरव लुगडं घेऊन गाभाऱ्यात गेला. निऱ्या घालताना त्याने एकही रेघ आत दुमडू दिली नाही म्हणे.

धोंडी जगली. म्हातारी होईतो जगली, आणि इतकं बोलली, की तिला ऐकण्यासाठी माग थांबवायची गरज पुढे कोणाला वाटली नाही.

यंत्रमाग आले, तेव्हा कांडीगणिक थांबणं परवडेना. मग दुपारचा एकच कानोसा ठेवला. आजही त्या वेळी मागसोलीत कोणी घड्याळ बघत नाही. आळीतल्या कुठल्यातरी घरातून लहान मुलाचा आवाज यावा लागतो, रडण्याचा, शिंकण्याचा, कसलाही. मगच पहिलं बटण दाबलं जातं. एखाद्या दुपारी सगळीच पोरं गाढ झोपलेली असतात. माग तसेच उभे राहतात, मालक येरझाऱ्या घालतात, पण कोणी कोणाच्या मुलाला उठवायला जात नाही.