रंग दडवल्याचा आळ

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून कान देणाऱ्या थोरांनो, ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची. तेव्हा खाडीत फक्त शिडाच्या होड्या चालत.

त्या खाडीकाठच्या गावात धाकोजी आणि अंतोबा असे दोन मित्र राहत. धाकोजी होड्या बांधायचा आणि अंतोबा त्या होड्यांची शिडं शिवायचा.

दोघांना पत्त्यांचा भारी नाद. पोरवयात ते चिंचोके लावून खेळले. पुढे लग्नं झाली, तशा दोघांच्या बायकाही डावात बसू लागल्या. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की दुपारभर चौघांचा खेळ चाले. नवरे एकमेकांचे भिडू, बायका एकमेकींच्या. अंतोबाची बायको सगुणा हसत हसत दोघा पुरुषांना हरवायची.

मग एका वर्षी धाकोजीची बायको तापाने गेली. त्याने हत्यारं खाली ठेवली. कोणाशी बोलेना, धड जेवेना. एका दुपारी अंतोबा सगुणेला घेऊन आला, त्याच्यासमोर बसला आणि पत्ते पिसू लागला.

"तिघांत कसला डाव?" धाकोजी म्हणाला.

"कसलाही. तू नुसता बस."

धाकोजी बसला. त्या रात्री कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला.

असा तो मित्र. आणि आता पुढचं ऐका.

दिवाळीच्या पाडव्याला देवळापुढे मांडव पडे आणि गावातले पट्टीचे खेळाडू पत्ते खेळत. धाकोजी आणि अंतोबा ही जोडी वर्षानुवर्षं तिथे जिंकत आली होती. त्या पाडव्याला शेवटच्या डावात समोर होता सगुणेचा धाकटा भाऊ आणि त्याचा भिडू.

डाव ऐन रंगात आला. समोरून बदाम पडलं. अंतोबाने चौकट टाकली. म्हणजे त्याच्या हातात बदाम नाही, असंच सगळे समजले. पण पुढच्या खेळीला त्याच्याच हातून बदामाची राणी खाली पडली.

"रंग दडवला! रंग दडवला!" मांडवात एकच गलका झाला. रंग असून दडवला की डाव गेला, असा तिथला नियम. जोडी हरली.

"चूक झाली रे," अंतोबा पुटपुटला.

धाकोजीचं डोकं तडकलं. "चूक? जन्मभर पत्ते खेळलास आणि बदाम नि चौकट कळली नाही तुला? मेव्हण्याला जिंकवायचं होतं तर तसं सांगायचंस, मी दुसरा भिडू बघितला असता. लबाड आहेस तू!"

भोवती सगळे होडीवाले उभे होते. अंतोबा काहीतरी बोलणार होता. पण तो उठला आणि सगुणेचा हात धरून घरी गेला.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं. पुढे एकदा खाडीच्या वाटेवर अंतोबा समोरून आला आणि मान न वळवता निघून गेला. 'माजलाय,' धाकोजी मनात म्हणाला. त्यानेही हाक मारली नाही. अशीच दोन-तीन वर्षं गेली. धाकोजी दुसऱ्यांबरोबर खेळायचा, जिंकायचाही. पण जिंकून घरी आल्यावर ते सांगायला कोणी नसे.

एका सकाळी सगुणा त्याच्या दारात आली. "भावजी, यांना ताप आहे. उतरत नाही. तुमचं नाव घेतात सारखं. घटकाभर येऊन बसा."

"वाटेत भेटतो तेव्हा ओळख देत नाही, आणि आता माझं नाव घेतो? चारचौघांत लबाडी कबूल कर म्हणावं, मग येतो."

सगुणा उंबऱ्यावरूनच माघारी वळली.

चार दिवसांनी अंतोबा गेला. धाकोजीने खांदा दिला, पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

तेरावं झाल्यावर सगुणेने त्याला बोलावून घेतलं आणि पत्त्यांचा एक जोड हातात दिला. "तुमच्यासाठी ठेवलाय."

धाकोजीने पत्ता उचलला. कोपऱ्यात बोटाला काही खरखरीत लागलं. त्याने दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. प्रत्येकावर सुईने बारीक भोकं पाडलेली होती.

"हे काय, वहिनी?"

"त्यांना दिसत नव्हतं, भावजी. त्या पाडव्याच्या आधीपासून नजर जात चालली होती. लाल म्हणजे नुसता लाल ठिपका. मग बदाम कुठलं आणि चौकट कुठली? पण आंधळ्याला शिडं कोण शिवायला देणार? म्हणून कोणाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती. शिडं मी शिवत होते."

"मग वाटेत..."

"तुमच्या पावलांची चाहूल ओळखायचे ते. रोज वाट पाहायचे हाकेची. तुम्ही हाक मारली असती तर थांबले असते." सगुणेने पदर डोळ्यांना लावला. "तुम्ही कधीतरी याल, तेव्हा बोटांनी खेळता यावं म्हणून हे टोचून ठेवले होते."

धाकोजी त्या भोकांवरून बोट फिरवत राहिला. मग लहान मुलासारखा रडला.

पुढच्या पाडव्याला, सगुणेला विचारून, तो मांडवात उभा राहिला. "अंतोबाला मी इथे लबाड म्हटलं," तो म्हणाला. "तो लबाड नव्हता. त्याला दिसत नव्हतं. आणि डोळे धड असून मला दिसलं नाही. इतकी वर्षं तुमच्या होड्यांना लागलेली त्याची शिडं सगुणावहिनीने शिवलीत. यापुढेही माझ्या होड्यांना तिचीच शिडं लागतील."

होडीवाल्यांनी माना डोलावल्या. सगुणेचं काम चालू राहिलं. सारा गाव धाकोजीचं बोलणं ऐकत होता. ज्याने ऐकायला हवं होतं, तो तेवढा नव्हता. धाकोजी म्हातारा होऊन मेला, पण पुन्हा कोणाचा भिडू झाला नाही.

म्हणून लक्षात ठेवा: आपल्या माणसाची चूक दिसली, तर आळ घेण्याआधी कारण विचारावं, आणि तो जिवंत आहे तोवर विचारावं.